वाचकांचे प्रश्न : छतावरची वीज, घरातली बॅटरी

उन्हाळा संपत आला आणि वळवाचे ढग दिसू लागले की या सदराच्या टपालात दोन शब्द हटकून येतात, एक बॅटरी आणि दुसरा अर्थिंग. या वेळी आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग इतर वाचकांनाही होईल, अशी काही निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

गेल्या वर्षी ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून आम्ही गच्चीवर ३ किलोवॉटचा सौर संच बसवून घेतला. बिल अगदी कमी झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण भर दुपारी रखरखीत ऊन असतानाही लाईट गेली की पंखे बंद पडतात. बसवणाऱ्याला विचारले, तर “ताई, हे असंच असतं,” एवढेच उत्तर मिळाले. आमची फसवणूक झाली आहे का? — निवृत्त शिक्षिका, चिपळूण

फसवणूक झालेली नाही. मात्र पैसे घेण्यापूर्वी जे समजावून सांगायला हवे होते, ते आपल्याला सांगितले गेले नाही हे खरे. आपला संच वीज कंपनीच्या वाहिनीला जोडलेला, म्हणजे ‘ऑन-ग्रिड’ प्रकारचा आहे. त्यातील इन्व्हर्टर स्वतःचा ताल धरत नाही. वाहिनीतून येणाऱ्या २३० व्होल्ट, ५० सायकलच्या विजेशी ताल जुळवून तो छतावरची वीज तिच्यात मिसळतो. वाहिनी बंद पडताच त्याने क्षणार्धात थांबावे, अशी योजना त्याच्यात मुद्दाम केलेली असते. तो थांबला नाही, तर आपल्या घरातून निघालेली वीज रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट शिरून दुसऱ्या बाजूला ११,००० व्होल्ट होऊन बसू शकते, आणि नेमका त्याच वेळी तार मेलेली आहे अशा समजुतीने वायरमन खांबावर चढलेला असतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला स्वस्त आहे : सौर संचाला हात न लावता घरात नेहमीचा इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवावी. ती वाहिनीच्या विजेवर भरते, आणि त्या विजेचा हिशेब नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये, आपल्याच छतावरच्या युनिटांतून चुकता होतो. लाईट दोन-चार तासांसाठी जात असेल, तर एवढे पुरते. दुसरा मार्ग म्हणजे सध्याचा इन्व्हर्टर काढून ‘हायब्रिड’ इन्व्हर्टर बसवणे. वाहिनी बंद असतानाही तो पॅनेलची वीज घेत राहतो, घर चालवतो आणि उरलेली वीज बॅटरीत भरतो. हा मार्ग महाग आहे. तरीही ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमध्ये आणि दापोली-मंडणगडच्या बाजूला ज्यांनी कित्येक आठवडे अंधारात काढले, त्यांना या खर्चाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. योजनेचे अनुदान पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये असून ते सौर क्षमतेवर मिळते. बॅटरीचा खर्च आपला आपण करायचा असतो. इन्व्हर्टर बदलण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयाला लेखी कळवावे, कारण नेट मीटरच्या कागदपत्रांत जुन्या इन्व्हर्टरची नोंद असते.

आता बॅटरी किती मोठी घ्यावी, हे आपण विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असणार. याचे उत्तर छतावर किती पॅनेल आहेत यावर नसून, अंधारात घरातील काय काय आणि किती वेळ चालायला हवे यावर आहे. समजा तीन जुने पंखे (प्रत्येकी ७५ वॉट), पाच एलईडी दिवे (प्रत्येकी ९ वॉट), वायफायचा राउटर (१२ वॉट) आणि एक टीव्ही (८० वॉट) पाच तास चालवायचे आहेत. एकूण भार ३६२ वॉट, म्हणजे पाच तासांत सुमारे १.८ युनिट. इन्व्हर्टरमध्ये साधारण १५ टक्के वीज वाया जाते असे धरले, तर बॅटरीतून २.१ युनिट निघायला हवेत. शिशाची ट्यूब्युलर बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, हा नियम पाळायचा असेल, तर क्षमता ४.३ युनिटांच्या आसपास हवी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या म्हणजे ३.६ युनिट, त्या कमी पडतील आणि २०० च्या दोन घ्याव्या लागतील.

परंतु तेच तीन पंखे बदलून ३० वॉटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले, तर भार २२७ वॉटवर येतो, लागणारी क्षमता २.७ युनिटांच्या आत राहते आणि १५० च्या दोन बॅटऱ्यांना ते काम सहज झेपते. म्हणून दुकानात बॅटरी पाहण्याआधी घरात मान वर करून पंख्यांकडे पाहावे, असे मी नेहमी सांगतो. पाण्याचा पंप, गिझर, इस्त्री आणि मिक्सर या बॅटरीच्या वाहिनीवर घेऊच नयेत.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्क्यांपर्यंत रिकामी करता येते, तिला पाणी घालावे लागत नाही आणि ती शिशाच्या बॅटरीच्या कितीतरी पट अधिक वेळा भरता-रिकामी करता येते. रोज वापर होणार असेल, तर आज मी तिचीच शिफारस करीन. महिन्यातून चारदा लाईट जाणाऱ्या घरात मात्र शिशाच्या बॅटरीने आठ वर्षे काढलेली मी पाहिली आहेत. शिशाची घेतल्यास लेबलवर ‘सी-१०’ लिहिलेले असल्याची खात्री करावी. ‘सी-१०’ ची क्षमता दहा तासांच्या वापरावर, तर ‘सी-२०’ ची वीस तासांच्या संथ वापरावर मोजलेली असते, त्यामुळे दोन्हींवर १५० हाच आकडा असला, तरी बॅटरी एकसारखी नसते.

शेतातल्या घरात वीजजोडणी नाही. दीड वर्षापूर्वी दोन पॅनेल, चार्ज कंट्रोलर आणि १५० अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर बॅटरी बसवली. पहिल्या वर्षी दिवे रात्रभर चालत. आता ते तासाभरात मंद होतात. गावातल्या इलेक्ट्रिशियनने अ‍ॅसिड टाकले, चार दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच. — शेतकरी, कंधार तालुका

अ‍ॅसिड टाकणे ही चूक झाली, आणि ती फार सर्रास होते. बॅटरीतून उडून जाते ते पाणी. अ‍ॅसिड आतच राहते. म्हणून वरून घालायचे ते केवळ डिस्टिल्ड वॉटर, तेही बॅटरी पूर्ण भरल्यानंतर आणि बुचावरच्या तरंगत्या दांडीच्या वरच्या खुणेपर्यंतच. आरओचे, बोअरचे किंवा पावसाचे गाळलेले पाणी चालत नाही. अ‍ॅसिड वाढवले की चार दिवस जोर आल्यासारखे वाटते, पण आतील पट्ट्या अधिक वेगाने झिजतात.

खरा आजार शोधायला शे-दोनशे रुपयांचे हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या द्रवाची घनता मोजणारे साधन, आणावे. काचेच्या नळीला वर रबराचा फुगा आणि आत रंगीत पट्ट्यांचा तरंग असतो. दिवसभर उन्हात बॅटरी भरू द्यावी, संध्याकाळी भार न लावता ती दोनेक तास तशीच ठेवावी आणि मग सहाही बुचे एकेक उघडून प्रत्येक कप्प्यातले द्रव ओढून आकडा वहीत लिहावा. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत तो १.२४० च्या आसपास असतो; मेकॅनिक त्याला ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. सगळे कप्पे ११८० ते १२०० च्या दरम्यान असतील, तर बॅटरी उपाशी आहे. पाच कप्पे १२३० आणि एकच ११५० वर असेल, तर तो कप्पा गेला आहे आणि त्याच्यासाठी अख्खी बॅटरी बदलावी लागेल. आपल्या बॅटरीत वरून अ‍ॅसिड पडलेले असल्यामुळे आकडे प्रत्यक्षापेक्षा चढे दिसतील, हेही लक्षात ठेवावे. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेत. जवळ विडी-काडी पेटवू नये, कारण भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बॅटरी झोपायच्या बंद खोलीत ठेवू नये, तेही याच कारणासाठी.

आपल्या पत्रावरून माझा अंदाज उपासमारीचा आहे. १५० च्या बॅटरीला भरताना साधारण १५ अँपिअर प्रवाह मिळायला हवा. आपण पॅनेलचे वॉट कळवलेले नाहीत, पण दोन्ही पॅनेल शंभर-शंभर वॉटची असतील, तर चांगल्या उन्हातही दहा-अकरा अँपिअरच्या पुढे जाता येत नाही, आणि आषाढ-श्रावणाच्या मळभात त्याचाही चौथा हिस्सा हाती लागतो. अर्धवट भरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच वापरली की पट्ट्यांवर सल्फेटचे पांढरे, कठीण थर बसतात आणि मग ते सुटत नाहीत. पहिल्या पावसाळ्यानंतरच आपली बॅटरी उतरणीला लागली असावी. नवी बॅटरी घेण्यापूर्वी आणखी एक-दोन पॅनेल जोडावीत, नाहीतर नव्या बॅटरीचीही हीच गत होईल. पॅनेल वाढवताना चार्ज कंट्रोलरला तेवढा प्रवाह झेपतो का, हेही पाहून घ्यावे.

जाता जाता टर्मिनलकडेही पाहावे. तिथे हिरवट-पांढरी बुरशीसारखी वाढ दिसली, तर तारा काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवावी, बुचांतून ते पाणी आत जाऊ देऊ नये, कोरडे करून नट घट्ट आवळावेत आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. ग्रीस लावू नये.

मार्चपेक्षा मे महिन्यात ऊन कडक असते, तरीही आमच्या संचाचे युनिट मे महिन्यात कमी भरले. पॅनेल खराब झाली का? — अकोला

पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नव्हे. त्यांच्यावर छापलेले वॉट २५ अंश सेल्सिअसला मोजलेले असतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी पॅनेलमधील सेलचे तापमान ६५ अंशांपर्यंत सहज जाते; दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली, तर ४० अंशांना १४ टक्के वीज जागच्या जागी कमी होते. त्यात धुळीचा थर आणि आकाशातला धुरकटपणा यांची भर पडते. धूळ आपल्या हातात आहे : दहा-पंधरा दिवसांनी सकाळी ऊन चढण्यापूर्वी मऊ कापडाने आणि साध्या पाण्याने पॅनेल पुसावीत. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा फवारा मारू नये, काच तडकू शकते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर ते काचेवर वाळू देऊ नये; लगेच निपटून काढावे, अन्यथा पांढरे डाग धुळीपेक्षाही हट्टी ठरतात. पॅनेलवर पाय देऊन साफसफाई करणाऱ्या मुलाला तेवढ्यावरच थांबवावे, कारण काच फुटली नाही तरी आतल्या सेलना केसासारख्या भेगा पडतात.

आमच्या गच्चीच्या दक्षिणेला शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. मे महिन्यात पाहणीला आलेल्या माणसाने “सावली येत नाही” असे सांगितले. विश्वास ठेवावा का? — पुणे

मे महिन्याच्या पाहणीवर मुळीच ठेवू नये. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, त्या सुमारास दुपारी कोणाचीच सावली दिसत नाही. खरी परीक्षा २२ डिसेंबरच्या आसपास असते. तेव्हा पुण्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि पॅनेलपेक्षा २ मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला सुमारे १.८ मीटर पडते. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती याहून बरीच लांबते. पॅनेलमधले सेल एका माळेत गुंफलेले असल्याने एका कोपऱ्यावरच्या सावलीनेही पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. डिसेंबरपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर फोनवर सूर्याचा वर्षभराचा मार्ग दाखवणारे एखादे अ‍ॅप घेऊन स्वतः गच्चीवर उभे राहावे.

मागच्या वर्षी अवकाळी पावसात जवळच वीज पडली आणि आमचा इन्व्हर्टर जळाला. छतावर वीजरोधक सळई असूनही असे का व्हावे? घर कातळावर आहे. — राजापूर तालुका

शेवटचे वाक्य आपण ओघात लिहिले असले, तरी उत्तर बहुधा त्यातच आहे. सळई विजेला वाट दाखवते, पण ती वाट जमिनीत नीट मुरली नाही, तर वीज दुसरी वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे आपल्या तारा. जांभ्याच्या कातळात, त्यातही वैशाख अखेरीस, जमीन इतकी कोरडी असते की दोन-तीन फूट ठोकलेली सळई नावापुरतीच अर्थिंग ठरते. पंचक्रोशीतल्या एका घरी मी मोजणी केली तेव्हा मीटरवर ६० ओहमच्या वर आकडा आला होता. तो ५ ओहमच्या आत असावा अशी अपेक्षा असते. तिथे ठेकेदाराने सळई वितभर आत गेल्यावर कातळ लागला म्हणून उरलेली करवतीने कापून टाकली होती आणि वर सिमेंटचे सुबक झाकण बसवले होते.

सौर संचाला सर्वसाधारणपणे तीन स्वतंत्र अर्थिंग लागतात : एक वीजरोधकासाठी, एक पॅनेल व त्यांच्या सांगाड्यासाठी आणि एक इन्व्हर्टरच्या बाजूसाठी. आपल्याकडे तिन्ही तारा एकाच सळईला बांधलेल्या आहेत का, हे आधी पाहावे. कातळावर पाच-सहा फूट खड्डा कोरून किंवा बोअर घेऊन त्यात तांब्याचा मुलामा असलेली सळई उभी करावी आणि भोवती बेंटोनाइटचे (ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचे) मिश्रण भरावे. मीठ-कोळशाच्या खड्ड्याला दर उन्हाळ्यात पाणी पाजावे लागते, नाहीतर तो निकामी होतो. मोजणी पहिल्या पावसानंतर नव्हे, तर मेमध्ये करून घ्यावी. वीजरोधकाची पट्टी वळणे न घेता सरळ खाली यावी आणि ती पॅनेलच्या तारांपासून दूर ठेवावी.

याशिवाय इन्व्हर्टरच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही पेट्यांत सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे तारांतून अचानक आलेला विजेचा लोंढा जमिनीकडे वळवणारे संरक्षक, हवेत. त्यांच्यावर छोटी खिडकी असते : हिरवी म्हणजे शाबूत, लाल म्हणजे त्याने आपले काम केले आणि आता तो बदलायला हवा. लाल झालेला प्रोटेक्टर वर्षानुवर्षे तसाच बसलेला मी अनेक घरांत पाहतो. थेट घरावर वीज पडली, तर यातले काहीही शंभर टक्के वाचवील, असे मात्र मी सांगणार नाही.

दुपारी बारा ते तीन या वेळेतच इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो आणि पडद्यावर व्होल्टेज जास्त असल्याचा संदेश येतो. — गडहिंग्लज तालुका

वीज वाहिनीत ढकलण्यासाठी इन्व्हर्टरला आपले व्होल्टेज तिच्यापेक्षा किंचित वर ठेवावे लागते. खांबापासून घरापर्यंतची तार लांब आणि बारीक असेल, तर हे ‘किंचित’ वाढत जाते : ३ किलोवॉटला सुमारे १३ अँपिअर प्रवाह असतो आणि जाण्या-येण्याच्या तारेचा रोध मिळून १ ओहम असेल, तर तिथेच १३ व्होल्ट चढतात. आठवडाभर दुपारी एक वाजता आणि रात्री नऊ वाजता मीटरजवळचे व्होल्टेज लिहून ठेवावे. फरक मोठा असेल, तर जाड तारेने प्रश्न सुटेल. रात्रीही व्होल्टेज २५० च्या आसपास असेल, तर दोष ट्रान्सफॉर्मरकडे आहे आणि ती वही जोडूनच वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी. बसवणाऱ्याने इन्व्हर्टरमधील मर्यादाच वाढवून देतो असे म्हटले, तर नकार द्यावा. ते वाढलेले व्होल्टेज आपल्या फ्रिजलाही सोसावे लागते.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून ५ अश्वशक्तीचा पंप मिळाला आहे. पाणी द्यायचे नसते तेव्हा त्याची पॅनेल घराच्या बॅटरीला जोडता येतील का? — औसा तालुका

परस्पर जोडू नयेत. पंपाच्या पॅनेलच्या माळेत काहीशे व्होल्ट असतात, घरातल्या १२ व्होल्टच्या कंट्रोलरला ते एका क्षणात जाळतील, आणि आपण भरलेल्या १० टक्के हिश्श्यासोबत मिळालेली पाच वर्षांची दुरुस्तीची हमीही जाईल. चालू उन्हात ती जोडणी हाताने सोडवताना उडणारी ठिणगी विझता विझत नाही. पिठाची चक्की, कडबाकुट्टी अशी कामे करू देणारे पंप-कंट्रोलर निघाले आहेत. आपला त्यातला आहे का, हे पुरवठादाराला लेखी विचारावे. नसेल, तर रिकाम्या वेळेत शेततळे भरून ठेवावे. साठवण त्यातही होते.

शिशाच्या दोन जुन्या बॅटऱ्या अंगणात पडून आहेत. भंगारवाला चांगला भाव देतो आहे, देऊ का? — सांगली

अंगणातल्या अंगणात अ‍ॅसिड ओतून रिकामी बॅटरी उचलणाऱ्याला देऊ नये. ते अ‍ॅसिड आणि त्यातले शिसे आपल्याच विहिरीकडे जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना बहुतेक दुकानदार जुनीची किंमत वजा करतात. नेताना त्या उभ्या ठेवाव्यात, बुचे लावलेली असावीत, आणि वजन व वजा केलेली रक्कम पावतीवर लिहून घ्यावी.